पोपटी, भुरी आणि मी मोजलेले चार तास

मी एक जुना विजेचा मीटर आहे, आणि मित्रांनो, माझा स्वभाव कडू आहे हे आधीच सांगून ठेवतो. गोड गोष्ट हवी असेल तर याच घरात खालच्या कपाटात एक जुनी छत्री आहे, तिला विचारा. तिला आपले सगळे दिवस छान गेले असं वाटतं.

मी सध्या दोन खोल्यांच्या एका घरात, पलंगाच्या वरच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला आहे. काळं अंग, समोर काच, काचेमागे एक चकती, चकतीवर एक लाल खूण आणि वर आकड्यांची पाच चाकं, असा माझा सगळा संसार. वीज माझ्यातून गेली की चकती फिरते. जास्त गेली की जोरात, कमी गेली की हळू. मला एवढंच येतं, पण एवढ्यात मी कधी चुकलेलो नाही. ही फुशारकी नाही. पुढे तुम्हालाच कळेल की हे मला इतक्या ठासून का सांगावं लागतंय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक नव्या मीटरला एका खात्रीच्या मीटरशेजारी बसवायच्या, दोघांतून सारखीच वीज सोडायच्या आणि चकतीचे फेरे मोजायच्या. दोघांचे फेरे जुळले की संपायला हवं ना? पण बाईंचं तिथे संपायचं नाही. त्या दोघांच्या जागा बदलायच्या आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायच्या. एकदा नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, "बाई, आलं ना एकदा बरोबर? मग परत कशाला?"

बाई म्हणाल्या, "अगं, कधी कधी मीटर खोटा नसतो, जागा खोटी असते. जागा बदलून बघितल्याशिवाय कुणाला खोटं म्हणायचं नाही."

मग त्यांनी माझ्या अंगाला तारेत ओवलेलं शिशाचं सील ठोकलं. ते अजून जागेवर आहे.

तिथून मी एका वायरमनच्या हातात आलो. त्याने मला एका फळीवर बसवलं, वर पकडायला मूठ लावली आणि तो मला घरोघर घेऊन हिंडू लागला. कुणाचा फ्रीज फार वीज खातो, कुणाचा पंप उगाच तापतो, कुठे तक्रार झाली की आम्ही दोघं हजर. गंमत म्हणजे त्याचीही त्या बाईंसारखीच खोड होती. त्याला तो 'उलटसुलट करणं' म्हणायचा. एकदा दोन शेजाऱ्यांचं भांडण हातघाईवर आलं होतं. दोघांचे फ्रीज एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले, पण एकाचा दुप्पट वीज खात होता. मालक तो फ्रीज परत पाठवायला निघाला होता. वायरमनने दोन्ही फ्रीज ओढून एकमेकांच्या जागी नेले आणि मला पुन्हा लावलं. आता दुसरा फ्रीज दुप्पट खाऊ लागला! पहिल्याची जागा चुलीला चिकटून होती, म्हणून तो बिचारा दिवसभर धापा टाकत होता. दोष फ्रीजचा नव्हताच. त्या दिवसापासून लोक म्हणू लागले, "वायरमनचा मीटर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

किती बरं वाटायचं मला! कौतुक कुणाला नको असतं?

मग वायरमनला एका डायलिसिस केंद्रात कायमची नोकरी लागली. मित्रांनो, माणसाच्या किडन्या काम करेनाशा झाल्या की त्याचं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस आणि दर वेळी चार तास. यात टाळाटाळ चालत नाही. केंद्राची एक डिझेलची गाडी होती. ती सकाळी पेशंटना घरून आणायची, चार तास दारात उभी राहायची आणि मग सगळ्यांना परत सोडायची. ती चालवणाऱ्याला सगळे तुफान म्हणायचे, कारण गाडीचा काटा चाळिसाच्या वर गेला की त्याला घाम फुटायचा.

या गाडीतली सगळ्यांत लांबची पेशंट होती ताई. ऐंशी किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर तिचं घर होतं. ती एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. तिची मशीन खिडकीशी होती आणि डोंगरावरच्या दोन शाळांचे गणवेश त्या खिडकीतून बाहेर पडायचे. ही ताई म्हणजे वायरमनची सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. वायरमनने पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस गेले, तरी ती त्याला छोट्याच म्हणायची.

"ताई, आता माझ्याकडे राहायला ये," तो दर महिन्याला म्हणायचा.

"तुझ्या दोन खोल्यांत माझं कापायचं टेबल तरी मावेल का रे?" ती हसून उडवून लावायची. "गाडी येतेय तोवर मी माझ्या घरी. गाडी बंद झाली की मग बघू."

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ताईचं घर, तिची मशीन, तिची खिडकी, हे सगळं एका गाडीच्या चार चाकांवर उभं होतं.

आणि ती डिझेलची गाडी म्हातारी झाली.

केंद्राने ठरवलं की आता विजेची गाडी घ्यायची. दोन कंपन्यांनी आपापली एकेक गाडी सहा दिवस चालवून बघायला पाठवली. एक होती पोपटी रंगाची, उंच, रुंद, चकचकीत, समोर टेबलाएवढा पडदा. तिच्या छापील कागदावर लिहिलं होतं की एकदा भरली की तीनशे ऐंशी किलोमीटर पळते. दुसरी राखाडी, बुटकी, डोळ्यांत न भरणारी. तिला सगळे भुरी म्हणू लागले. तिच्या कागदावर तीनशे तीस लिहिलं होतं. ताईने दोघींत बसून बघितलं आणि आपलं मत देऊन टाकलं, "मला आपली भुरीच बरी. चढताना गुडघा उचलावा लागत नाही. त्या पोपटीत बसायचं म्हणजे मला शिडी लागेल."

बोलायला काय जातं! पण हे ऐकायला केंद्राच्या मॅनेजरबाई तिथेच उभ्या होत्या.

गाड्या तपासायचं काम साहजिकच वायरमनकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं. त्याने सगळं रीतसर आखलं. दोन्ही गाड्यांनी रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने ताईच्या घरापर्यंत जायचं आणि परत यायचं. पेशंट दोघींत निम्मेनिम्मे. एक गाडी तुफानने चालवायची, एक वायरमनने स्वतः, आणि रोज अदलाबदल करायची. टायरमधली हवासुद्धा तो सकाळी मोजून सारखी करायचा. हे सगळं बघून माझी काच अभिमानाने चमकत होती.

केंद्राच्या मागच्या भिंतीवर नवा चार्जिंग पॉइंट बसवला होता. त्याला दोन गन होत्या, म्हणजे गाडीत खुपसायचे पिस्तुलासारखे प्लग. रात्रभरात दोन्ही गाड्या तिथे काठोकाठ भरायच्या आणि दिवसा पेशंट यंत्रावर असतील त्या चार तासांत पुन्हा चार्ज व्हायच्या. ज्या गाडीचं मोजायचं तिच्या गनच्या वायरमध्ये वायरमन मला बसवायचा, एक दिवस पोपटीच्या, एक दिवस भुरीच्या. मी आत डब्यात असायचो आणि डब्याचं दार बंद असायचं. दाराच्या आतल्या बाजूला पॉइंट बसवणाऱ्यांनी एक सूचनांचा कागद चिकटवला होता. सहा दिवस मी त्या कागदाकडे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे तो मला पाठ झाला. त्यात लिहिलं होतं की डायलिसिसच्या यंत्रांची वीज कमी पडू नये म्हणून या पॉइंटला मर्यादा घातली आहे. जी गाडी आधी लावाल तिला पोटभर वीज मिळेल. मागून लावाल तिला उरलेली, म्हणजे साधारण निम्मी.

वायरमनने तो कागद वाचला नाही. सूचना नवशिक्यांनी वाचायच्या असतात असं त्याचं मत होतं, आणि त्याचा चष्मा खिशात असायचा.

तरीही काही बिघडलं नसतं. त्याची उलटसुलट करायची खोड होती ना! आज पोपटी आधी लावली तर उद्या भुरी आधी, असं त्याने केलं असतं, आणि सत्य आपोआप बाहेर पडलं असतं. पण पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐका.

पहिल्या दिवशी भुरी पॉइंटच्या जवळ उभी होती. वायरमनने सहज तिची गन आधी लावली. वरच्या गॅलरीतून मॅनेजरबाई हसत म्हणाल्या, "काय हो, ताईंची गाडी आधी का?"

बाईंनी थट्टाच केली होती. नर्स हसल्या, तुफान हसला, ताईसुद्धा हसली. पण वायरमनचे कान लाल झाले. तो नाकासमोर चालणारा माणूस. आपण बहिणीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणेल, या कल्पनेनेच त्याच्या अंगावर काटा आला. त्याने भुरीची गन काढली, पोपटीची लावली, आणि मगच पुन्हा भुरीची लावली. त्यानंतर सहाही दिवस पोपटी आधी आणि भुरी मागून. न चुकता.

पहिल्या दिवशी मी पोपटीवर होतो. माझी चकती भिरभिरत होती. चार तासांत अठ्ठावीस युनिट. दुसऱ्या दिवशी मला भुरीवर लावलं आणि चकती रेंगाळू लागली. चार तासांत चौदा. तुफान म्हणाला, "ही जरा मंदच दिसतेय, खातच नाही." मंद कसली! तिला ताटात अर्धंच वाढलं होतं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा भुरीवर होतो. वायरमनने डब्याचं दार उघडलं, उकिडवा बसला आणि घड्याळ लावून माझे फेरे मोजू लागला. त्याच्या कपाळाला आठी पडली. आयुष्यभर मीटर बघितलेला माणूस तो. नेमकी निम्मी चाल त्याला खटकणार नाही तर कुणाला खटकणार? तो स्वतःशीच पुटपुटला, "एकदा उलट करून बघावं का?" त्याने भुरीच्या गनला हात घातला. मित्रांनो, त्या क्षणी मला घसा असता तर मी ओरडलो असतो.

मॅनेजरबाईंची खिडकी उघडी होती. वायरमनने वर पाहिलं आणि हात काढून घेतला.

पाचव्या दिवशी परत जाताना तो ताईला घेऊन पोपटी चालवत होता. मी ताईच्या पायाशी ठेवलेला होतो. ताईने सहज विचारलं, "छोट्या, तुझं ते उलटसुलट झालं का रे सगळं करून?"

"हो ताई. सगळं बघून झालं."

"मग बरं. तू बघितलंस म्हणजे काही प्रश्नच नाही," ताई म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

सातव्या दिवशी बैठक झाली. मी टेबलावर होतो, पुरावा म्हणून. वायरमनने कागद वाचून दाखवला. एकशे साठ किलोमीटर जाऊन येण्यासाठी भिंतीतून पोपटीला अडतीस युनिट लागतात, भुरीला सत्तावीस. म्हणजे विजेचा काटकसरीने वापर करण्यात भुरी सरस. पूर्ण भरल्यावर पोपटी प्रत्यक्षात सव्वादोनशे किलोमीटर जाते, भुरी जवळजवळ अडीचशे. छापील कागदावरचे आकडे दोघींचे फुगवलेले, पण पोपटीचे जास्त. नाव मोठं लक्षण खोटं! इथपर्यंत सगळं माझ्या चकतीइतकं खरं होतं.

"पण चार तासांच्या चार्जिंगमध्ये," तो पुढे वाचू लागला, "पोपटीला एकशे अठरा किलोमीटरचं बळ मिळतं आणि भुरीला फक्त त्र्याऐंशी. दिवसभराच्या दोन्ही फेऱ्या धरल्या तर शेवटी पोपटीत तेवीस किलोमीटर शिल्लक राहतात, भुरीत दहा."

"दहा म्हणजे फारच काठावर झालं," मॅनेजरबाई म्हणाल्या. आणि त्यांचं काय चुकलं? समोर ठेवलेल्या आकड्यांवरून कुणीही हेच म्हटलं असतं.

खरा आकडा मी तुम्हाला सांगतो. भुरीला तिच्या भुकेइतकी वीज मिळाली असती तर ती त्या चार तासांत काठोकाठ भरली असती आणि सगळ्यांना घरी सोडून परत आल्यावरही तिच्यात सत्त्याऐंशी किलोमीटर उरले असते. दहा नव्हे, सत्त्याऐंशी!

मॅनेजरबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. यांच्या सख्ख्या बहिणीला भुरी हवी होती, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तरी यांनी जे दिसलं तेच सांगितलं. असा सचोटीचा माणूस आपल्याकडे आहे." टाळ्या वाजल्या. वायरमनने मान खाली घातली, पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मी जवळून पाहिलं. पोपटी राहिली आणि भुरी दुसऱ्या दिवशी परत गेली.

तपासणी झाली ते दिवस छान उन्हाचे होते. मग थंडी आली. डायलिसिस झालेल्या माणसाला आधीच हुडहुडी भरते, त्यामुळे गाडीत हीटर लावावा लागतो. हीटर लावला की पोपटीची बॅटरी डोळ्यांदेखत उतरायची. तेवीस किलोमीटरची शिल्लक कुठल्या कुठे उडून गेली. केंद्रातच जास्त वेळ चार्ज करावी तर थकलेल्या पेशंटना बाकावर आणखी दोन-तीन तास ताटकळत बसावं लागायचं. तुफान हीटर बंद ठेवू लागला. ताई म्हणायची, "असू दे रे, मी शाल घेते."

एका दिवशी धुकं होतं आणि वर बोचरा पाऊस. त्या दिवशीची हकिकत मी डोळ्यांनी बघितलेली नाही. दुसऱ्या दिवशी तुफान वायरमनला सांगत होता, तेव्हा मी कोपऱ्यात होतो.

"गारठा असा की काल हीटर लावावाच लागला, आणि ताईंच्या घराच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर गाडी बसली बघ. भर चढावर. पडदासुद्धा विझला. दोन तास आम्ही तसेच. ताईंना मी माझं जॅकेट घातलं, तर ओठ काळेनिळे. शेवटी दुधाची गाडी आली, तिच्यात कॅनच्या मध्ये बसवून नेलं त्यांना. आणि मलाच म्हणतात, 'तुफान, तू वाईट वाटून घेऊ नकोस, छोट्याने दोन्ही गाड्या नीट बघूनच घेतलीय, आजचा दिवसच वाईट.' आता काय बोलणार सांग."



त्या आठवड्यात मॅनेजरबाईंनी नियम काढला की गाडी पन्नास किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं? पेशंट रस्त्यात गोठले असते. ताईने महिनाभर बसने यायचा प्रयत्न केला. बस तिला उतरवायची तिथून केंद्र दूर, आणि परतीची बस संध्याकाळची. कधी एक वार चुकायचा, कधी दोन. तिचे पाय सुजले, धाप लागू लागली. मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे असं चालणार नाही.

ताई धाकट्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली. दोन पिशव्या आणि एक उशी घेऊन आली. कापायचं टेबल खरंच मावलं नसतं, म्हणून ती मशीनवर चादर टाकून आणि घराला कुलूप लावून आली. "मशीन राहू दे तिथेच," ती म्हणाली, "थोडी बरी झाले की जाणारच आहे." ती कधीच जाणार नाही हे वायरमनला कळत होतं, मला कळत होतं, आणि मला वाटतं तिलाही कळत होतं.

त्यानंतरची एक दुपार. केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आपली विजेची गाडी आणली होती आणि ती आधी लावली होती. पोपटी मागून लागली. तुफान तक्रार करत आला, "आज ही चार्जच होत नाहीये." वायरमनने मला पोपटीच्या वायरमध्ये बसवलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. माझी चकती रेंगाळत होती. तीच चाल. भुरीची चाल.

तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि त्याने डॉक्टरीणबाईंच्या गाडीची गन काढली. माझी चकती भिरभिरू लागली. त्याने ती गन परत लावली. मी रेंगाळू लागलो. त्याने ती तीन वेळा काढली आणि तीन वेळा लावली. शेवटी खिशातून चष्मा काढला, डब्याचं दार पूर्ण उघडलं आणि तो कागद वाचला. वाचून झाल्यावर तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. एवढा मोठा माणूस, हमसून हमसून रडत होता. मलाही त्याची फार दया आली, हे कबूल करतो. तो लबाड नव्हता. परक्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्याने जिवापाड काळजी घेतली, आणि त्या काळजीत आपल्या माणसाचा घास काढून घेतला.

पण माझी दया तिथेच संपते. कारण त्यानंतर तो मॅनेजरबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, मी त्याच्या हातात होतो. दाराला हात लावला. आतून बाईंचा आवाज येत होता. त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, आमच्याकडे वायरमन आहेत ना, अगदी सचोटीचे. त्यांनी तपासलं म्हणजे झालं."

तो परत फिरला. भुरी परत मागवता आली असती का, नियम बदलला असता का, ताईची खिडकी पुन्हा उघडली असती का, हे मला सांगता येत नाही. मी फक्त झालेलं मोजतो. पण त्याने विचारलंच नाही, एवढं मी मोजलेलं आहे.

घरी आल्यावर त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि या फळीवर ठेवून दिलं. केंद्रासाठी नवा, पडद्याचा मीटर आणला. लोक विचारतात, जुना कुठे गेला? तो म्हणतो, जुना झाला. जुन्या वस्तू अडगळीत जातात, त्याचं मला दुःख नाही. गंज चढला, काच फुटली, म्हणून टाकलं असतं तर मी निमूट पडून राहिलो असतो. मला टाकलं, कारण माझ्याकडे बघितलं की त्याला ते चार तास आठवतात.

माझ्या खालीच ताईचा पलंग आहे. ती दिवसभर छताकडे बघत पडलेली असते, तेव्हा तिला दिसायला छत आणि मी, दोनच गोष्टी आहेत. परवा गोणपाट जरा सरकलं होतं.

"छोट्या, तो वर तुझा मीटर ना रे? त्याला का असा बांधून ठेवलायस?"

वायरमन तिच्या औषधांच्या गोळ्या वाटीत काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बिघडलाय तो, ताई. चुकीचं दाखवतो."

ताईने मान उशीवर नीट टेकवली. मग म्हणाली, "तरीच. तरीच त्या गाड्यांचं गणित चुकलं. मी म्हणतच होते, माझा छोट्या असा चुकायचा नाही."

मी वाट बघितली. वायरमनने गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या, पाण्याचा पेला दिला आणि तो कामावर निघून गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात ते उगाच नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी फार मोठी नाही. आपल्या माणसाला झुकतं माप देऊ नका, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. लोक काय म्हणतील म्हणून परक्यालाही देऊ नका, एवढं त्याला जोडून घ्या. कुणी मागे पडलेला दिसला तर त्याला मंद म्हणण्याआधी एकदा जागा बदलून बघा. आणि कधी या घरी आलात, तर मला या गोणपाटातून खाली काढा. धूळ नाही पुसलीत तरी चालेल. फक्त एखाद्या खात्रीच्या मीटरशेजारी मला बसवा, दोघांचे फेरे मोजा, मग जागा बदलून पुन्हा मोजा. आकडा येईल तो जरा मोठ्याने वाचा. खाली पलंगावर ऐकू गेला पाहिजे.